नऊ कोणाला हवेत?

कार्डं जमवणारा माणूस कार्डावरच्या खेळाडूकडे बघत असेल, हा आपला गैरसमज आहे. तो कोपरे बघतो. चारही कोपरे भिंगाखालून गेले की कडा बघतो, मग कार्ड दिव्याखाली तिरपं धरून कुठे ओरखडा चमकतोय का ते बघतो, आणि शेवटी चित्राच्या डावीकडची किनार आणि उजवीकडची किनार सारखी आहे का ते पट्टी लावून मोजतो. मधल्या जागेत मायकेल जॉर्डन चेंडू घेऊन हवेत लटकलेला असतो. १९८६ पासून तो त्या बास्केटकडे निघालाय, पण त्याचं पुढे काय झालं याची चौकशी कोणी करत नाही.

हे सगळं अमेरिकेत चालतं आणि मला ते कळलं न्यू जर्सीतल्या भाच्यामुळे. भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, गृहकर्ज आहे, दोन मुलं आहेत. म्हणजे तसा सर्व बाजूंनी बांधलेला, जबाबदार माणूस. फक्त त्याच्या तळघरात एक कपाट आहे आणि त्या कपाटापुढे तो आवाज खाली आणून बोलतो.

कार्ड चांगलं की वाईट हे तिथे मालक ठरवत नाही. त्याला कंपन्या आहेत. तुम्ही कार्ड पाठवायचं, सोबत पैसे पाठवायचे. कंपनीची माणसं ते कार्ड खरं आहे का, कोणी कडा कापून सरळ केल्यात का, हे तपासतात, दहापैकी एक आकडा देतात आणि कार्ड जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. ह्या पेटीला म्हणायचं स्लॅब. स्लॅबच्या डोक्यावर लेबल, लेबलावर आकडा. त्यानंतर कार्ड म्हणजे आकड्याखाली लावलेलं चित्र. ज्याला अजून आकडा मिळालेला नाही ते ‘रॉ’ कार्ड, आणि रॉ कार्डाबद्दल ही मंडळी मुलाचं अजून काही ठरलेलं नाही अशा सुरात बोलतात.

ह्या धंद्याचं मूळ नाण्यांत आहे. नाण्यांना गुण देणारी कंपनी काढणाऱ्यांपैकी एक, डेव्हिड हॉल, यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात कार्डांसाठी पीएसए सुरू केली. १९९८ मध्ये एसजीसी आली. १९९९ मध्ये बेकेट आली. बेकेट हे नाव डॉ. जेम्स बेकेट यांचं. हे गृहस्थ संख्याशास्त्राचे प्राध्यापक. १९७९ मध्ये त्यांनी बेसबॉल कार्डांच्या किमतींचं पुस्तक काढलं, आणि त्याआधी पोरं जी कार्डं सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढायची, त्यांची किंमत त्या पोरांच्या बापांना कळली. त्यानंतर सायकली गप्प झाल्या. सीजीसी ही चौथी, मूळची कॉमिक्सवाली. ती कार्डांत उतरली २०२० मध्ये.

आता आकड्यातून काय फरक पडतो? २०२१ च्या जानेवारीत त्याच लटकलेल्या जॉर्डनचं पीएसएचे दहा गुण असलेलं कार्ड ७ लाख ३८ हजार डॉलरला विकलं गेलं. एक नाही, एकाच दिवशी दोन. नऊ गुणांच्या जॉर्डनला त्याच्या आसपासही कोणी फिरकू दिलं नाही. आणि नऊ नि दहामधला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही. कोपऱ्यावर पांढरा ठिपका असेल, मिठाच्या कणाएवढा. त्या ठिपक्याची किंमत फ्लॅटएवढी. पीएसएने २००८ मध्ये अर्धे गुण द्यायला सुरुवात केली, पण साडेआठपर्यंतच. साडेनऊ नाहीत. म्हणजे नऊवर उभा असलेला माणूस दहाकडे बघतो तेव्हा मध्ये पायरीच नसते.

एवढं समजलं की माणसं कंपन्या का बदलतात ते कळायला वेळ लागत नाही. त्यांना विचारलं तर कारणं सुसंस्कृत मिळतात. वेळ फार लावतात. फी वाढवली. स्लॅबचं प्लॅस्टिक पूर्वीसारखं स्वच्छ राहिलं नाही. फोन उचलत नाहीत. ही कारणं खोटी नाहीत. पण रात्री जेवणं आटोपल्यावर, बायको वर गेल्यावर विचारा. मग खरं कारण येतं: “नऊ दिले त्यांनी.”

आपलं कार्ड दहाचं आहे हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. हे मान्य करणारी कंपनी तेवढी सापडायची असते. आपल्याकडे स्थळ मनात भरलं आणि पत्रिका जुळत नसली, की कोणी स्थळ सोडत नाही, ज्योतिषी बदलतात. चौथ्या ज्योतिष्याकडे मंगळ सौम्य निघतो, गुण अठराच्या पुढे सरकतात आणि हॉल बुक होतो. भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “मामा, हे सायन्स आहे.” ज्योतिषीही हेच म्हणतात.

भाच्याने घेतलेल्या कार्डांच्या पाकिटातून व्हिक्टर वेम्बन्यामाच्या पहिल्या वर्षातलं ‘सिल्व्हर प्रिझम’ कार्ड निघालं, तेव्हाची गोष्ट. हा वेम्बन्यामा फ्रान्सचा बास्केटबॉलपटू, सव्वासात फुटांच्या पुढे उंची; कार्डात मावला कसा हाच मला प्रश्न. भाच्याने कार्ड एका कंपनीला पाठवलं. नाव सांगत नाही, कारण चारांपैकी कोणाचंही घातलं तरी चालेल. पाठवताना कार्ड आधी पातळ पिशवीत, मग अर्धवट कडक कव्हरात, कव्हराला वर चिकट कागदाचं छोटं शेपूट, म्हणजे गुण देणाऱ्या ग्रेडरला कार्ड चिमटीत धरून ओढायला नको. मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ते सगळं, वरून रबरबँड, रबरबँड फार घट्ट नको. खोक्याला टेप लावताना टेपचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं. का? तर टेप काढताना नखं लावावी लागली तर ग्रेडर चिडेल. मी म्हटलं, “अरे, खोकं उघडणारा आणि गुण देणारा एकच असतो का?” तो म्हणाला, “नसेलही. पण चान्स कशाला घ्यायचा?”

मग वाट बघणं. माल पोचला, नोंद झाली, ओळख पटली, ग्रेडिंग चालू, पेटीत बसवणं, तपासणी पहिली, तपासणी दुसरी: असे टप्पे फोनवर दिसत राहतात. ‘ग्रेडिंग चालू’वर गाडी अडकली की भाचा मीटिंगमध्ये असला तरी त्याचं लक्ष नसतं. शेवटी एका संध्याकाळी आकडा आला. त्याने फोन उपडा ठेवला आणि मुलांना गृहपाठावरून ओरडला. मी समजलो.

शनिवारी स्लॅब टपालाने आला आणि त्याच दुपारी तो फोडण्यात आला. ह्याला हे लोक ‘क्रॅक करणं’ म्हणतात. डायनिंग टेबलावर जुना टॉवेल, डोळ्यांना चष्मा, हातात पक्कड. स्लॅब मधोमध फोडायचा नसतो. वरच्या कोपऱ्यावर, लेबलाच्या बाजूने, पकडीने हळूच चिमटा घ्यायचा. कट्ट असा आवाज येतो आणि प्लॅस्टिकला पांढरी चीर जाते. दुसऱ्या कोपऱ्यावर तेच. मग चिरेत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून जरासा पिळायचा, जरासाच, कारण आत सव्वासात फुटी माणूस आहे. टवके उडतात. एक माझ्या चहात पडला. पेटीचे दोन भाग सुटले, आतली पारदर्शक चौकट निघाली आणि कार्ड टॉवेलावर सरकलं. भाच्याने श्वास सोडला. मी चहा सोडला. नऊ लिहिलेलं लेबल त्याने उचललं, दोन बोटांत धरलं आणि कचऱ्यात टाकलं.

“मामा, तुम्हीच सांगा ह्याला,” भाचेसून म्हणाली. “तीस डॉलर घालून पेटीत बंद करून घेतलं, आता फोडतोय, पुन्हा तीस डॉलर घालणार.”

“ग्रेडरचा दिवस वाईट होता,” भाचा म्हणाला. “हे नऊ म्हणजे दहाच आहेत. स्ट्राँग नाइन.”

ह्या मंडळींत नवाचेही प्रकार आहेत. वीक नाइन, सॉलिड नाइन, स्ट्राँग नाइन. स्वतःकडे असलेला नेहमी स्ट्राँग असतो. विकणाऱ्याने दाखवला की तो वीक.

ते कचऱ्यात गेलेलं लेबल मात्र तिकडे हिशेबात जिवंत राहतं. कोणत्या कार्डाला आजवर कितीदा किती गुण दिले याची जाहीर मोजदाद कंपन्या ठेवतात. त्याला पॉप रिपोर्ट म्हणतात आणि बाजारातली टंचाई त्यावरून ठरते. फोडलेल्या स्लॅबचं लेबल परत पाठवलं तर कंपनी तो आकडा वजा करते. पण रागाने फोडणारा माणूस पोस्टात कशाला जातो? तोच तुकडा पुन्हा जातो, पुन्हा नऊ घेऊन येतो, आणि रिपोर्टात एका कार्डाची दोन, तीन कार्डं होतात. जगात अमुक कार्डाचे इतके नऊ आहेत असं कोणी ठामपणे सांगितलं, की त्यात भाच्याच्या डायनिंग टेबलाचा वाटा धरावा.

न फोडता कंपनी बदलायचीही सोय आहे. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. एका कंपनीचा स्लॅब तसाच दुसरीकडे पाठवायचा आणि लिहायचं, किमान एवढे गुण देत असाल तरच उघडा. दुसऱ्या कंपनीने बाहेरूनच बघून नाही म्हटलं, तर स्लॅब आहे तसा परत. तपासणीचे पैसे ज्याचे त्याचे. मला ही सगळ्यात सभ्य पद्धत वाटली. भाच्याला ती भित्र्यांची वाटते, कारण त्याच्या मते दुसऱ्याचं लेबल दिसलं की तिसरा माणूस मोकळ्या मनाने बघतच नाही. ह्यात मात्र तथ्य असावं.

कंपन्यांचे स्वभाव वेगळे आहेत. पीएसए नुसता आकडा सांगते आणि गप्प बसते. नऊ का, म्हणून विचारायची सोय लेबलावर नाही. बेकेटच्या लेबलावर चार पोटगुण मिळतात: मध्य साधला आहे का, कोपरे, कडा, पृष्ठभाग. म्हणजे कुठे गेले ते कळतं. लोक पीएसए सोडून बेकेटकडे जातात ते कारणं कळावीत म्हणून, आणि बेकेट सोडून पीएसएकडे परत येतात तेही कारणं कळली म्हणून. कोपऱ्याला साडेआठ असं छापून आल्यावर गिऱ्हाइकाला दुसरं काही दिसत नाही. नुसता नऊ निदान खांद्यावर हात ठेवून विकता येतो.

शिवाय भाषा एक नाही. पीएसएचं ‘जेम मिंट’ म्हणजे दहा. बेकेटचं ‘जेम मिंट’ म्हणजे साडेनऊ. बेकेटच्या दहाला ‘प्रिस्टिन’ म्हणतात, आणि चारही पोटगुण दहा मिळाले तर काळं लेबल, ज्याचं नाव हे लोक दबक्या आवाजात घेतात. एसजीसी सुरुवातीला शंभरपैकी मोजायची. तिच्या ९८ चे पुढे दहा झाले, ९६ चे नऊ, ८८ चे आठ. सीजीसीने २०२३ मध्ये आपली मोजपट्टीच हलवली: आधी ज्याला साडेनऊ देऊन जेम मिंट म्हणायचे त्याला दहा म्हणू लागले आणि साडेनऊला दुसरं नाव दिलं. कार्ड कपाटात झोपलेलं असताना त्याला बढती मिळाली. सरकारी नोकरीतही एवढं सुख नाही.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या सुमारास, बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. आमच्या वर्गात प्रत्येक कार्डाला बॉलपेनने मिशा काढलेल्या असायच्या. कपिलदेवला मुळातच मिशी असल्यामुळे त्याची तेवढी वाचली. ह्या कार्डांना किती गुण पडतील, असं मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, पीएसएमध्ये आकड्यापुढे दोन अक्षरं जोडायची सोय आहे. मध्य चुकला तर ओसी, डाग असेल तर एसटी, पेनाची खूण असेल तर एमके. आमचा सगळा वर्ग एमके.

कंपनी बदलण्याची मोठी लाट आली ती २०२१ मध्ये. आधीचं वर्ष लोकांनी घरात बसून काढलं होतं. टीव्हीवर जॉर्डनवरची मालिका येऊन गेली होती, हातात सरकारने दिलेले चेक होते आणि माळ्यावर बापाची खोकी होती. सगळ्यांनी खोकी खाली काढली आणि सगळ्यांनी एकदमच पीएसएकडे पाठवली. कार्डांचे डोंगर साचले. शेवटी ३० मार्च २०२१ ला पीएसएने आपल्या स्वस्त आणि मध्यम सेवा बंद केल्या. ज्याला फारच घाई आणि फारच ऐपत आहे त्याच्यासाठी फक्त महागाच्या खिडक्या उघड्या राहिल्या. ज्यांची कार्डं आत होती ते महिनोन् महिने टप्पे बघत बसले. काहींची मुलं कॉलेजात गेली.

मग मतांतर झालं आणि ते बघण्यासारखं होतं. जी माणसं एसजीसीच्या काळ्या चौकटीला वर्षानुवर्षं नावं ठेवत होती, तिला टक्सिडो म्हणून हिणवत होती, त्यांना अचानक दिसलं की काळ्यावर जुनं कार्ड काय खुलून दिसतं! सीजीसीच्या पेटीचं प्लॅस्टिक किती स्वच्छ! त्याच वर्षी टेनेसीतून एक नवी कंपनी निघाली, एचजीए; ती लेबलाचा रंग कार्डाला मॅचिंग करून द्यायची. ब्लाउजपीसच्या दुकानातही याहून जास्त विचार होत नाही. लोकांनी तिथेही रांग लावली. तत्त्व म्हणून कंपनी सोडली असं त्यातले पुष्कळ जण सांगायचे. पीएसएच्या खिडक्या एकेक करून उघडल्या, तेव्हा हीच तत्त्वनिष्ठ मंडळी पहिल्या रांगेत होती.

का परतली? कारण विकायला बसलं की तत्त्व आडवं येतं. तेच कार्ड, तेच कोपरे, पण नव्या खेळाडूंच्या कार्डाला पीएसएच्या दहाला सहसा जो भाव मिळतो तो एसजीसीच्या दहाला मिळत नाही. का मिळत नाही, तर लोक देत नाहीत. का देत नाहीत, तर पुढे विकताना मिळत नाही म्हणून. ह्या गोल जिन्यावर जो एकदा चढला तो तिथेच फिरत राहतो. ‘कार्ड विकत घ्या, पेटी नको’ असं ह्या छंदातलं एक थोर वचन आहे, आणि ते उद्धृत करणारा माणूस किंमत बघताना आधी पेटीचं नाव शोधतो.

अपवाद आहेत आणि त्यांच्यावरच वाद पोसले जातात. जाड कार्ड, आत जर्सीच्या कापडाचा तुकडा, वर खेळाडूची सही, असला ऐवज असेल तर बेकेटला मान आहे. २०२१ मध्ये लेब्रॉन जेम्सचं असलं एक कार्ड ५२ लाख डॉलरला गेलं, बेकेटच्या नवावर. आणि जुन्या कार्डांत तर एसजीसीवाल्यांनी एकदा सगळ्यांची तोंडं बंद केली. १९५२ चं टॉप्सचं मिकी मँटल हे बेसबॉलमधलं सगळ्यात गाजलेलं कार्ड. पीएसएचं नऊचं मँटल २०२१ च्या जानेवारीत ५२ लाखांना गेलं होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एसजीसीच्या साडेनऊचं मँटल लिलावात आलं आणि १ कोटी २६ लाख डॉलरवर थांबलं. तोवरच्या इतिहासात कुठल्याच कार्डाला एवढे पैसे मिळाले नव्हते. त्या आठवड्यात किती लोकांनी जुनी कार्डं एसजीसीकडे वळवली असतील ते सांगता येत नाही, पण भाच्याने वळवली. त्याच्याकडे १९५२ चं काही नाही. १९८९ चं होतं. ती कार्डं तेव्हा इतकी छापली गेली की अमेरिकेतल्या प्रत्येक माळ्यावर आहेत.

जे विकतच नाहीत ते का बदलतात, हाही प्रश्न आहेच. त्यांच्यासाठी पीएसएने रजिस्ट्री ठेवली आहे. संपूर्ण संच जमवायचा, त्याची सरासरी काढायची आणि त्यावरून जगात कितवा नंबर ते ठरतं. बक्षीस जवळजवळ काही नाही. पण नंबर आहे! आणि त्यात फक्त पीएसएचे स्लॅब चालतात. त्यामुळे संचातलं एखादं सुंदर कार्ड एसजीसीच्या पेटीत असेल, तर मालकाला ते अनाथासारखं वाटू लागतं. तो ते पीएसएकडे क्रॉस करायला पाठवतो, आठाचे साडेसात झाले तरी चालतील म्हणतो. गुण कमी करून घ्यायला पदरचे पैसे देणारा माणूस मी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात पाहिलेला नाही. तितकंच खरं कारण म्हणजे कपाट. वेगवेगळ्या कंपन्यांचे स्लॅब जाडीला, उंचीला सारखे नसतात. ओळीत लावले की वरखाली होतात. काही संसार एवढ्यावरून मोडतात, मग कंपनी काय चीज!

आणि फी! ती ठरते कार्डाच्या किमतीवरून, आणि किंमत आधी मालकाने लिहायची. मालक अर्थातच कमी लिहितो. मग कंपनी कार्ड बघते, दहा देते आणि कळवते की तुमचं कार्ड आता महाग झालं आहे, तेव्हा वरची फी भरा. ह्याला अपचार्ज म्हणतात. कार्ड महाग कशामुळे झालं? कंपनीने दहा दिले म्हणून. म्हणजे गुण देणाऱ्याचाही गुणांत थोडा जीव असतो. तरी एक सांगायला हवं: अपचार्ज आला म्हणून चिडलेला माणूस मी अजून पाहिला नाही. तो पेढे वाटतो.

एवढा भरवसा ज्या आकड्यांवर, त्यातला पहिला आकडा काय होता तेही बघण्यासारखं आहे. सिगारेटच्या पाकिटातून मिळणारं, १९०९ ते १९११ च्या काळातलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं कार्ड. ही कार्डं फार थोडी उरली आहेत. त्यातलं सगळ्यात कोरं करकरीत १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. नव्या पीएसएकडून त्याला आठ गुण मिळाले. अनुक्रमांक एक. २००७ मध्ये ते २८ लाखांना गेलं. आणि २०१३ मध्ये, ते कार्ड पूर्वी ज्याच्या हातातून गेलं होतं त्या लिलाववाल्या बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं की कडा त्याने कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला गुण द्यायचेच नसतात. म्हणजे सगळ्या धंद्याची भूमिपूजनाची वीटच कातरलेली निघाली. धंदा बंद पडला का? छे. उलट ते कार्ड आता त्याच्या कापलेपणामुळे प्रसिद्ध आहे.

मला वाटलं होतं, निदान स्पर्धा तरी खरी असेल. एका दुकानात मनासारखं झालं नाही तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हा बाजाराचा धाक. तर २०२४ च्या फेब्रुवारीत पीएसएच्या मालक कंपनीने एसजीसी विकत घेतली. पीएसएवर रागावून जो तावातावाने एसजीसीत जातो, त्याचे पैसे त्याच्या आधीच तिथे जाऊन बसलेले असतात. हे मी भाच्याला ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, “पण मामा, ग्रेडर वेगळे आहेत ना.” आशेला कसली मालकी.

वेम्बन्यामा दरम्यान तीन पेट्या फिरून आला होता. नऊ, नऊ आणि नऊ. माझ्या मते इतकी एकवाक्यता संयुक्त राष्ट्रांतही होत नाही, पण भाच्याचं म्हणणं असं, की तिन्ही ठिकाणी माणसंच आहेत, आणि माणूस म्हटला की थकतो, जेवून येतो, झोप येते. आता कॉम्प्युटरने गुण देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. तसल्या एका कंपनीकडे त्याने कार्ड पाठवलं. तिथे कॅमेरे, वेगवेगळ्या कोनांतून पाडलेला प्रकाश, हजारपैकी गुण आणि कार्डाचा संपूर्ण अहवाल. “आता वादच नाही,” तो म्हणाला. “ग्रेडरचा मूड वगैरे भानगडच नाही.”

परवा व्हिडिओ कॉलवर त्याने तो अहवाल दाखवला. प्रत्येक कोपऱ्याचा वेगळा फोटो, शंभरपट मोठा केलेला. वरच्या उजव्या कोपऱ्यावर, साध्या डोळ्यांना जन्मात दिसला नसता असा एक पांढरा ठिपका, त्याभोवती लाल गोल. पाठीमागच्या बाजूला छपाईची एक रेघ, तिलाही लाल गोल. खाली हिशेब, कुठे किती गेले याचा. हजारातली बेरीज करून, दहाच्या मापात, नऊ.

भाचा बराच वेळ त्या लाल गोलाकडे बघत होता. मी म्हटलं, “सुटला ना प्रश्न?”

“ह्यांचं सॉफ्टवेअर अपडेट होत असतं, मामा,” तो म्हणाला. “मी सॉफ्टवेअरमध्येच आहे, मला माहितीय पहिल्या व्हर्जनमध्ये काय काय असतं ते.” आणि मान वळवून त्याने आत आवाज दिला, “अगं, पक्कड कुठे ठेवलीस?”